ढब्बूला येऊरला सोडायचं नाही

प्रश्न : मी ५९ वर्षांची गृहिणी, डोंबिवलीला राहते. २०२१च्या सुरुवातीला मुलाने हट्टाने इग्वानाचं, म्हणजे मोठ्या परदेशी सरड्याचं, पिल्लू आणलं. वीतभर होतं, हिरवंगार, म्हणून नाव ढब्बू. आता तो शेपटीसकट साडेचार फूट झालाय. मुलगा अडीच वर्षांपूर्वी नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि ढब्बू हॉलमधल्या चार फुटी काचेच्या टाकीत मागे राहिला. त्याचं सगळं मीच करते. केळं, पालक, काकडी, पोळीचा तुकडा, आणि दुकानदाराने सांगितलं होतं म्हणून आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं देते. डिसेंबरपासून त्याचा रंग नारिंगी पडलाय. ह्यांच्या अंगावर धावून जातो, एकदा तर शेपटीच्या फटक्याने ह्यांच्या पोटरीवर वळ उठला. शेजारच्या वहिनी सोसायटीभर सांगत सुटल्यात की आम्ही घोरपड पाळलीय. मे महिन्यात मुलगी दोन वर्षांच्या नातीला घेऊन राहायला येणार आहे. हे म्हणतात, एखाद्या रविवारी येऊरच्या जंगलात सोडून येऊ, मोकळा होईल बिचारा. मुलगा म्हणतो, अमेरिकेत असे प्राणी सांभाळून दत्तक देणाऱ्या संस्था असतात, आपल्याकडेही असतील, शोध. शोधून थकले. कुठे द्यायचा? आणि देणं म्हणजे टाकून देणंच ना?
— ढब्बूची आजी, डोंबिवली

उत्तर :

ताई,

आधी येऊरचं मिटवू, कारण रविवार लवकर येतो.

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. घरातला परदेशी प्राणी तिथे नेऊन सोडायची मुभा कुणालाच नाही. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी तिथे ढब्बूचं दोनपैकी एक होईल. पहिली शक्यता, तो मरेल. पाच वर्षं ताटलीत केळं खाल्लेल्या प्राण्याला कुठलं पान खायचं, घारीची सावली पडली की कुठे दडायचं, यातलं काही ठाऊक नाही. दुसरी शक्यता मला जास्त घाबरवते. तो जगेल. आपली कोकणपट्टी उष्ण आणि दमट, म्हणजे त्याच्या मूळच्या मध्य आणि दक्षिण अमेरिकेसारखीच. फ्लोरिडात १९६०च्या दशकापासून हेच झालं. कुणाचे पळाले, कुणी सोडून दिले, आणि आज ते तिथल्या कालव्यांच्या काठांत बिळं खणून बांध पोखरतात, बागा फस्त करतात. थंडीची लाट आली की गारठून झाडांवरून टपाटप खाली पडतात. जानेवारी २०२० मध्ये तर मायामीच्या हवामान खात्याने 'आज इग्वाना पडू शकतात' अशी सूचनाच काढली होती. लोक हसले, पण त्यामागचं दुखणं हसण्यासारखं नाही. २०२१ मध्ये फ्लोरिडाने इग्वाना बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकला. आपल्याकडे लाल कानाच्या कासवांचं उदाहरण आहेच. हौसेने आणलेली, कंटाळा आल्यावर तळ्यात सोडलेली, आणि आता देशातल्या कित्येक तळ्यांत ठाण मांडून बसलेली. एकटा नर काय करणार, असं ह्यांना वाटेल. पण असाच विचार करून कुणीतरी एखादी मादी सोडलेली नसेल, याची खात्री कोण देणार?

तेव्हा येऊर नाही, आरे नाही, आणि गावाकडची आमराईही नाही.

आता नारिंगी रंगाचं. ढब्बू बिघडलेला नाही, वयात आलाय. नर इग्वाना विणीच्या हंगामात नारिंगी पडतो, मान वरखाली करतो, गळ्याखालची झालर ताणतो आणि घरातल्या कुणाला तरी प्रतिस्पर्धी ठरवतो. तुमच्या घरी तो मान ह्यांना मिळालाय. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत हे ओसरतं. तोवर ह्यांनी टाकीजवळ वाकून बघू नये. इग्वानाच्या डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका असतो. तो तिसरा डोळाच समजा. त्याला चित्र दिसत नाही, पण वरून सावली आली की कळते, आणि वरून येणारी सावली म्हणजे त्याच्या लेखी शिकारी पक्षी. जवळ जायचं ते बाजूने, हळू, त्याला दिसेल असं. उचलायची वेळ आली तर दोन्ही हातांनी पोटाखालून आधार द्या, शेपटीला धरू नका. ती तुटून हातात येते. पुन्हा उगवते, पण आखूड आणि करपट रंगाची.

हे एवढं सांगते कारण फेब्रुवारीत तापलेल्या नराला वैतागून घेतलेला निर्णय मेपर्यंत बऱ्याचदा बदलतो. तुमचा बदलेलच असं नाही. नात दोन वर्षांची आहे, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या घरात सरपटणारे प्राणी ठेवू नयेत असंच डॉक्टर सांगतात. धडधाकट दिसणाऱ्या इग्वानाच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असतात. मोठ्यांना त्याने जुलाब होऊन निभावतं, लहानग्यांना थेट रुग्णालय गाठावं लागू शकतं. म्हणून मेमधली तुमची काळजी अगदी खरी आहे. त्याची ताटली स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुत असाल तर आजपासून ते बंद करा.

आता मुलाचं म्हणणं. तो चुकीचं सांगत नाही. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी वेगळ्या संस्था आहेत. शिकागोची हर्पेटोलॉजिकल सोसायटी १९६६ पासूनची, तिचा दत्तक विभाग आहे. पण त्याला हेही सांगा की तिथेसुद्धा मोठा नर इग्वाना म्हटलं की संस्था सुस्कारा सोडतात. पिल्लू सगळ्यांना हवं असतं, साडेचार फुटी, फटके मारणारा नर कुणालाच नको असतो. आपल्याकडच्या वन्यजीव बचाव संस्थांचं बहुतेक काम म्हणजे घरात शिरलेले साप, विहिरीत पडलेले बिबटे, मांज्यात अडकलेल्या घारी. बरं करून रानात परत सोडायचं, हे त्यांचं गणित. ढब्बूला परत सोडायला रानच नाही. प्राणिसंग्रहालयांनाही दारात येईल त्या प्राण्याला हो म्हणता येत नाही. परवानगी लागते, वेगळं ठेवायला जागा लागते. विचारून बघायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका.

म्हणून माझा सल्ला असा, की संस्था शोधणं सोडा. पुढचे तीन महिने तुम्हीच ढब्बूपुरती एक संस्था व्हा. बाहेरच्या चांगल्या संस्था जे करतात त्यातलं बरंचसं घरी करता येतं. त्या प्राणी आला की लगेच पुढे देत नाहीत. आधी काही आठवडे वेगळा ठेवतात, तपासतात, खाणंपिणं सुधारतात, मग घेणाऱ्याची उलटतपासणी घेतात.

खाण्यापासून सुरुवात करू, कारण तिथे मला तुमच्यावर नाही, त्या दुकानदारावर राग आलाय. अंडं बंद. आजच. इग्वाना पूर्ण शाकाहारी आहे, आपल्या कुठल्याही उपासकऱ्यापेक्षा कडक. प्राणिज प्रथिनांनी त्याचं मूत्रपिंड हळूहळू निकामी होतं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पोळीही बंद. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झालिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही. केळं सणासुदीला. मग द्यायचं काय? अहो, महाराष्ट्रात इग्वाना पाळणं अमेरिकेपेक्षा सोपं आहे! शेवग्याचा पाला, तुतीची पानं, जास्वंदीची पानं आणि फुलं, लसूणघास मिळाला तर उत्तमच. सोबत किसलेला लाल भोपळा, गवार, थोडी पपई. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि कुणाच्या तरी परसात तो फुकट मिळतो. फवारणी केलेला नको, एवढंच बघा. बदल एका दिवसात करू नका. पहिले काही दिवस पाला बारीक चिरून त्याच्या ओळखीच्या काकडीत मिसळा. रुसेल, मग खाईल.

दिव्याचं काय? टाकीत मुलाने यूव्हीबी दिवा लावला असेल, आणि तो गेल्यापासून बदलला नसेल. दिवा पेटतोय म्हणजे काम करतोय असं नाही. त्यातले अतिनील किरण सहा महिने ते वर्षभरात संपतात, मागे उरतो तो नुसता उजेड. ते किरण नाहीत तर ड जीवनसत्त्व नाही, ते नाही तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि हाडं मऊ पडतात. माझ्याकडे एकदा एक गृहस्थ इग्वाना घेऊन आले. म्हणाले, 'डॉक्टर, हल्ली फार शहाणा झालाय, चावतच नाही.' मी जबडा दाबून पाहिला तर रबरासारखा वाकला. चावणार कशाने?

ढब्बूचा जबडा घट्ट आहे का, पाय सुजलेत का, बोटं थरथरतात का, हे बघा. आणि ठीक दिसला तरी एकदा एक्स-रे काढून घ्या, मूत्रपिंडासाठी रक्त आणि जंतांसाठी विष्ठा तपासून घ्या. कुत्र्यामांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला हे जमेल असं नाही. परळच्या बैलघोड्याच्या हॉस्पिटलात चौकशी करा, परदेशी प्राणी कोण बघतं ते तिथे कळेल. नाकाशी पांढरी पूड दिसली तर मात्र सर्दी समजून घाबरू नका. अंगातलं जादा मीठ तो असा शिंकरून टाकतो.

टाकी त्याला केव्हाच अपुरी पडली आहे. मोठ्या इग्वानाला साधारण सहा फूट उंच, सहा फूट लांब आणि तीन फूट खोल जागा लागते, चढायला जाड फांदी लागते. तुमच्या बाल्कनीला ग्रिल असेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून आतून बारीक जाळी मारून घ्या. सकाळचं ऊन थेट अंगावर मिळालं तर यूव्हीबी दिव्याची गरज नाही. अर्ध्या भागाला सावली हवीच, एप्रिलमध्ये तर नक्की. काचेची टाकी मात्र उन्हात ठेवू नका. काच कामाचे किरण अडवते आणि आतली भट्टी करते. हा सगळा खर्च मुलाने करायचा. हे मी मुद्दाम लिहून देते, म्हणजे तुम्हाला मागायला अवघड वाटणार नाही.

आता शेजारच्या वहिनी. त्यांच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करू नका, कारण घोरपड पाळणं हा खरंच गंभीर गुन्हा आहे. ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. कुणी वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन केला तर माणसं येतील, आणि त्यांनी यायलाच हवं. फरक दाखवता आला पाहिजे. इग्वानाच्या पाठीवर काट्यांची रांग असते, गळ्याखाली झालर, आणि कानाच्या खाली नाण्याएवढा गोल चकचकीत खवला. घोरपडीला यातलं काही नसतं, तिची जीभ सापासारखी दुभंगलेली असते आणि ती मांस खाते. यशवंतीची गोष्ट लहानपणी ऐकलेली आपली माणसं लांब शेपटीचा कुठलाही प्राणी दिसला की घोरपड म्हणतात, त्याला वहिनी तरी काय करणार? एकदा चहाला बोलवा आणि जास्वंदीचं फूल खाताना दाखवा.

पण ढब्बू घोरपड नाही म्हणजे कागदपत्रं लागत नाहीत, असं नाही. मला वाटतं तुमच्या पत्रात जे लिहायचं राहिलंय ते हेच. हिरवा इग्वाना 'साइट्स' या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यात अशा प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम निघाले. ज्याच्याकडे असा जिवंत प्राणी आहे त्याने केंद्र सरकारच्या 'परिवेश २.०' पोर्टलवर सहा महिन्यांत नोंद करायची होती. अर्ज राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे जातो. प्राणी दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली किंवा तो मेला, तर तेही कळवायचं असतं. तुमच्या मुलाने नोंद केली का, ते त्याच्या ई-मेलमध्ये आज रात्रीच शोधायला लावा. दुकानाची पावती, आणल्या दिवसाचे फोटो, जे असेल ते.

नोंद नसेल तर? लपवू नका, आणि कुणा 'ओळखीच्या'च्या नादीही लागू नका. ढब्बू कधी आणला, कुणाकडून आणला, मुलगा परदेशी आहे, आम्हाला नियम माहीत नव्हता, आता रीतसर करायचंय, असा साधा अर्ज लिहा. शक्य तर एका वकिलाच्या नजरेखालून घाला आणि तुमच्या भागाच्या उपवनसंरक्षक कार्यालयात स्वतः जाऊन द्या. पोच घ्या. नोंदीशिवाय ढब्बू दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे तुमची अडचण त्याच्या गळ्यात बांधणं. आणि जो नोंदीचं विचारतच नाही, 'काकू, कागदबिगद कशाला, मी उद्या न्यायला येतो' म्हणतो, त्याला तर मुळीच द्यायचा नाही.

असे फोन येतीलच. बातमी फुटली की लोक विचारतात, किती लांब आहे, रंग कसा आहे, नर की मादी. यातल्या काहींना ढब्बू पुढे विकायचा असतो, काहींना जोडी लावून पिल्लं काढायची असतात, काहींना खांद्यावर घेऊन रील करायचं असतं. तुम्ही एकच प्रश्न विचारा: 'तुम्ही त्याला खायला काय घालाल?' जो कोबी, अंडं, किडे म्हणेल त्याला चहा देऊन निरोप द्या. जो उलट तुम्हालाच विचारेल की सध्या काय खातो, दिवा कधी बदलला, शी कशी होते, त्याच्याशी पुढे बोला. त्याने पिंजरा आधी बांधायचा, फोटो पाठवायचा, मग तुम्ही दोघं त्याच्या घरी जाऊन बघायचं. भाड्याचं घर असेल तर घरमालकाचं लेखी 'चालेल' हवं. इग्वाना पंधरा-वीस वर्षं जगतो, म्हणजे ढब्बूचं अजून बरंच आयुष्य बाकी आहे. बारावीतल्या मुलाला, हॉस्टेलवरच्या मुलीला कितीही कळवळा असला तरी देऊ नका. तुमच्या घरी तेच तर झालं ना? पैसे घेऊ नका. त्या पैशांचा पिंजरा करायला सांगा. आणि एका कागदावर दोघांच्या सह्या: सांभाळणं जमेनासं झालं तर आधी तुम्हाला कळवायचं, परस्पर कुणाला द्यायचं नाही. बाहेरच्या संस्थांच्या करारात हे कलम हटकून असतं. त्याला कोर्टात किती वजन येईल ते वकील सांगेल, पण सही करताना माणूस थबकला की तुम्हाला कळतं.

मेपर्यंत असं कुणी मिळालं नाही तर? शक्य आहे. तर मुलीला मोकळेपणाने सांगा. मुक्काम तिच्या सासरी, आणि नातीला भेटायला तुम्ही जायचं. किंवा ढब्बूला महिनाभर प्राणी सांभाळायची सवय असलेल्या कुणाकडे सोडा, पिंजऱ्यासकट. नात येतेय म्हणून घाईने चुकीच्या घरी दिलात तर जूनमध्ये तुम्हीच मला दुसरं पत्र लिहाल.

तुम्ही विचारलंत, देणं म्हणजे टाकून देणं का. हौसेने आणणारा मुलगा सातासमुद्रापार आहे, आणि ज्यांनी तो मागितलाच नव्हता त्या तुम्ही अडीच वर्षं रोज सकाळी त्याची काकडी चिरताय. तुमच्या तोंडी हा प्रश्न शोभत नाही, ताई. तो मुलाने विचारावा.

नेण्याच्या दिवशी ढब्बूला उशीच्या सुती अभ्र्यात घाला, अभ्र्याचं तोंड सैल बांधा, आणि तो अभ्रा भोकं असलेल्या क्रेटमध्ये ठेवून गाडीने न्या. कुरिअर नाही, रेल्वेचा लगेज डबा नाही. त्याची जुनी फांदी न धुता सोबत द्या. नव्या घरात ओळखीचा वास मिळाला की तो लवकर स्थिरावतो. चार दिवसांचा पाला आणि तुमच्या हातचा एक कागद द्या: किती वाजता उठतो, कोमट पाण्याच्या टबात बसवलं की तिथेच शी करतो का, कशाला घाबरतो. पहिला आठवडा तो कदाचित खाणार नाही. घेणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी फोन येईल आणि तुमचा जीव टांगणीला लागेल.

आत्ता मात्र एकच काम. तशाच अभ्र्यात घालून ढब्बूचं वजन करा आणि तारखेसकट लिहून ठेवा, पुढे दर आठवड्याला. घरी काटा नसेल तर रद्दीवाल्याचा ताणकाटा चालेल. आकडा मला कळवा.